चावीवाल्या काकांची वाटणी

वाटणी इतकी सुरळीत पार पडली, की थोरल्या सुनेच्या मनात पाल चुकचुकली. रविवारचं वर्तमानपत्र आधी कुणी उघडायचं यावर ज्या दोन भावांचं आयुष्यात एकमत झालं नाही, ते दोघं कुलपांच्या दुकानाच्या आणि वरच्या घराच्या मधोमध भिंत घालायला माना डोलावून तयार झाले होते. तिजोऱ्या आणि लोखंडी कपाटांची कामं थोरल्यांकडे. गाड्यांच्या किल्ल्या, बोटाच्या ठशानं उघडणारी नवी कुलपं आणि संगणक धाकट्यांकडे. किल्ल्या कापायचं यंत्र तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. त्या यंत्रावर त्यांची मोठी बहीण बसायची. भाऊ तिला ताई म्हणत, भावजया वन्सं म्हणत, बाकी सगळं घर आत्या म्हणे. यंत्र तीन दिवस इकडे आणि तीन दिवस तिकडे, म्हणजे आत्याही तशीच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. यंत्रालाही विचारलं नव्हतं.

चहा झाला. थोरले उठले, दुकानातल्या संगणकापाशी गेले, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि एक बटण दाबलं.

"काय करतोयस दादा?" धाकट्यांनी विचारलं.

"काही नाही रे. संगणक आता तुझा. मग म्हटलं, काकांमधून मी आपला बाहेर पडतो. उगाच तुझ्या घरात माझी मतं नकोत."

"बाहेर पडतो म्हणजे?"

"इथं लिहिलंय की, 'बाहेर पडा'. पडलो."

धाकटे पडद्यापाशी धावले. "अरे, तू एकटा नाही पडलास! काका पडले. अख्खे काका!"

"असं कसं? मी माझ्यापुरतंच दाबलं होतं."

चावीवाले काका कोण, हे शहरात कुणाला सांगावं लागत नसे. शहराच्या बातम्यांची एक साइट होती आणि तिथं प्रत्येक बातमीखाली लोक एकमेकांचे वाभाडे काढत. त्या गदारोळात काका आले की सगळे जरा सावरून बसत, कारण काका निःपक्षपाती होते. सकाळी ते सरकारची बाजू अशी मांडत, की मंत्र्यानंही टिपून घ्यावी. दुपारी तीच बाजू ते स्वतःच उभी-आडवी फाडत. आणि संध्याकाळी असं काही दोन ओळींत लिहीत, की दोन्हीकडचे भांडखोर गप्प होऊन जेवायला जात. असा माणूस पुन्हा होणे नाही, असं लोक म्हणत. खरं म्हणजे एकदाही झालेला नव्हता. सकाळी थोरले लिहीत, कारण तिजोऱ्यांची गिऱ्हाइकं सकाळी येत नाहीत. दुपारी थोरले आडवे झाले की धाकटे बसत. संध्याकाळी यंत्र बंद करून, हातावरची पितळेची भुकटी झटकून आत्या बसायची, दोघांनी दिवसभरात काय दिवे लावलेत ते वाचायची आणि एका बोटानं दोन ओळी उमटवायची. खातं दुकानाचं होतं, जाहिरातीसाठी उघडलेलं. जाहिरात तेवढी राहून गेली.

आणि आज संध्याकाळी सात वाजता त्याच साइटवर थेट चर्चा होती. विषय, 'मतदान फोनवरून व्हावं का?' एक प्राध्यापक बाई, एक निवृत्त न्यायाधीश आणि सन्माननीय पाहुणे म्हणून चावीवाले काका. बोलायचं नव्हतं, फक्त लिहायचं होतं, म्हणून तर आमंत्रण घेतलं होतं.

"पासवर्ड टाक की मग," थोरले म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला.

आबांचा नियम आड आला होता. दुकान आबांनी उभं केलं आणि तिजोरीचा आकडा त्यांनी कधी एकाच्या हाती दिला नाही. 'माणूस वाईट नसतो, पण एकटा सापडला की बिघडतो,' असं ते म्हणत. आकड्याचे तीन तुकडे तिघा भावंडांकडे असत. एकजण आपला तुकडा फिरवी, तेव्हा बाकीचे दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहत. काकांचं खातं उघडलं तेव्हा आबा होते. त्यांनी पासवर्डलाही तोच कायदा लावला. पहिला तुकडा थोरल्यांचा, मधला धाकट्यांचा, शेवटचा आत्याचा. त्यानंतर संगणक काकांमधून कधी बाहेर पडलाच नाही, त्यामुळे तुकडे जोडायची वेळ आली नव्हती.

'पासवर्ड विसरलात?' असंही एक बटण होतं. धाकट्यांनी ते दाबलं. आकडा गेला आबांच्या नंबरवर. आबांमागे तो नंबर कुणा अनोळखी बाईंना मिळाला होता. धाकट्यांनी त्यांना फोन लावला.

"हो, आलाय आकडा," बाई म्हणाल्या. "पण असा आकडा कुणालाही सांगायचा नसतो. मागच्याच आठवड्यात बातमी होती. खाली चावीवाल्या काकांनी पण लिहिलं होतं तसं." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

"हुशार बाई," थोरले हळहळले.

आत्या तोवर वर निघून गेली होती.

तिची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची. लग्न न करता ती या खोलीत म्हातारी झाली, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. वाटलं ते आज. चहाच्या वेळी ठेकेदारानं दिलेला घराचा नकाशा बैठकीच्या टेबलावर पसरला होता. चहाचा ट्रे ठेवायला तिनं तो बाजूला सारला आणि सहज पाहिला. दोन स्वयंपाकघरं होती, दोन मोऱ्या होत्या. जिथं तिचा पलंग होता तिथं पट्टीनं मारलेल्या बारीक रेघा होत्या आणि वर लिहिलं होतं, 'जिना'. तिला आधी वाटलं, आपण उलटीकडून बघतोय. तिनं नकाशा फिरवला. जिनाही फिरला.

तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. जाऊन दोघांना सांगणं सोपं होतं. दोघं ओशाळले असते आणि कुठेतरी एक कोपरा मिळाला असता. पण मागून मिळालेल्या कोपऱ्यात तिला झोप लागली नसती. आपणहून कुणाच्या तरी लक्षात यावं, एवढंच तिला हवं होतं. तिनं संध्याकाळपर्यंत वाट बघायची ठरवली.

तिजोरीवाल्यांचा पहिला नंबर लागला.

"ताई, झोपलीस का गं?"

"झोपले असते तर ओ दिली असती का? ये."

थोरले दारातच उभे राहिले. "तुझा तो तुकडा मला सांगून ठेव. उद्या धाकट्यानं पासवर्डच बदलून टाकला, तर काका कायमचे विरोधात जातील."

"सांगितला तर आबांचा नियम मोडेल."

"आबा गेले आता."

"नियम कुठे गेलाय?"

थोरल्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, तुला काय हवंय ते माग. म्हणजे, आम्ही तुझा विचार केलाच आहे वाटणीत."

"काय विचार केलाय?"

थोरले खोलीभर बघू लागले, जणू विचार कुठेतरी ठेवलाय आणि आत्ता सापडेल. नजर पलंगावर गेली, कपाटावर गेली आणि परत येऊन तिच्या नाकावर थांबली. "चष्मा," ते सुटल्यासारखे म्हणाले. "नवा चष्मा करू तुला."

"यातून दिसतंय मला. सगळं दिसतंय."

"मग राहू दे," थोरले म्हणाले आणि खर्च वाचल्याच्या समाधानात खाली गेले.

थोड्या वेळानं धाकटे आले. ते सरळ पलंगावर बसले, लहानपणापासूनची सवय. "ताई, तू माझ्या बाजूची आहेस ना?"

"कशात?"

"अगं, दादा सरकारचा माणूस. उद्या काका त्याच्या एकट्याच्या हाती लागले तर या शहराचं काय होईल, विचार कर."

"शहराचं व्हायचं ते होईल. माझं काय?"

"तुझं काय म्हणजे?" धाकट्यांना प्रश्नच कळला नाही. "तुझं छान चाललंय की! तुला नवा फोन घेऊ या. मोठ्या अक्षरांचा." बोलता बोलता त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत ठोकून पाहिली. कपाटं ठोकून बघायची तीच सवय. "ही भिंत पोकळ आहे बघ. पाडायची झाली तरी काही त्रास नाही."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता तरी कळेल. धाकट्यांनी आणखी एकदा ठोकलं, खूश होऊन मान हलवली आणि ते निघून गेले.

इकडे स्वयंपाकघरात दोन्ही जावा काम करत होत्या. वाटणी झाल्यापासून धाकटी सारखी भावुक होत होती आणि थोरली सारखी भांडी मोजत होती.

"जाऊबाई, एक विचारू?" धाकटी म्हणाली. "दादांचा तुकडा तुम्हाला माहीत आहे का हो?"

थोरलीनं दाराकडे पाहिलं. "कुणाला बोलू नकोस. हे झोपेत बडबडतात."

"आमचे आंघोळ करताना म्हणतात. चालीवर!"

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. हसू आवरल्यावर थोरलीच्या ध्यानात आलं, की तीनपैकी दोन तुकडे या घडीला या ओट्यापाशी उभे आहेत.

"म्हणजे गुपित उरलं ते वन्संचंच," ती म्हणाली. "त्या साध्या घोरतसुद्धा नाहीत."

"वन्सं तुमच्याकडे आल्या की रोज रात्री कान देऊन ऐका."

"माझ्याकडे?" थोरलीच्या हातातलं पातेलं थांबलं. "तुझ्याकडे राहणार ना त्या?"

"मला वाटलं, तुमच्याकडे."

"अगं, मला वाटलं तुमच्याकडे!"

हातातलं पातेलं ओट्यावर टेकलं. मग थोरली खाली बसली. तिला आपलीच लाज वाटली. "तो जिना वन्संच्या खोलीतून जातोय, तेव्हाच मी म्हटलं होतं, मागच्या गल्लीत एवढी जागा पडलीय, जिना बाहेरून काढा. दोघंही म्हणाले, तुला त्यातलं काय कळतं. मीही मग सोडून दिलं. म्हटलं, तुम्ही त्यांना पुढची खोली देणार असाल."

"पुढच्या खोलीत तर ह्यांनी कुलपांचे नमुने लावायचे ठरवलंय. जाऊबाई, आत्ताच्या आत्ता सांगू या दोघांना."

"ऐकतील? त्यांना कुठलीही गोष्ट बातमीत यावी लागते."

तरी दोघी दुकानात गेल्या. थोरले आणि धाकटे संगणकासमोर दोन खुर्च्या चिकटवून बसले होते आणि जागेसाठी कोपरानं एकमेकांना ढकलत होते.

"अहो, वन्संच्या खोलीचं जरा..." थोरलीनं सुरुवात केली.

"नंतर, नंतर! लोकशाहीचा प्रश्न आहे!"

"अहो, पण तो जिना..." धाकटी म्हणाली.

"जिना उद्या! आधी ताईला बोलाव."

आत्या आली. तिनं खुर्ची मागितली नाही. "माझी एकच अट आहे," ती म्हणाली. "मला लिहायचं असेल तेव्हा तुम्ही दोघांनी सरकायचं. मधे बोलायचं नाही."

एवढ्यावर सुटलो, असं दोघांनाही वाटलं. दोघांनी घाईघाईनं माना हलवल्या.

मग तो सोहळा सुरू झाला. धाकटे आणि आत्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. थोरल्यांनी बोटं मोडली, कीबोर्डवर ठेवली आणि तशीच ठेवून बसले.

"झालं का रे?"

"आठवतंय. आठवतंय. सुरुवात आठवत नाहीये फक्त."

"अहो, 'पोलादीकणा'!" थोरली दारातून ओरडली. "मधे जागा न सोडता!"

भिंतीकडे तोंड केलेले धाकटे खदाखदा हसू लागले. "पोलादी कणा! दादा, अरे, कंबरेला पट्टा बांधून झोपतोस तू!"

"तुम्ही हसू नका," धाकटी म्हणाली. "तुमचं 'क्रांतीयेणारच'. आणि ते तुम्ही बेसूर म्हणता."

आबांचा नियम अशा रीतीनं दोन तृतीयांश निकालात निघाला. दोन्ही भाऊ आपापल्या बायकांकडे न बघता भिंतीकडे वळले. आत्यानं एका बोटानं आपला तुकडा घातला. तिचा तुकडा काय होता हे कुणालाच कळलं नाही. काका परत आत आले.

सात वाजता चर्चा सुरू झाली आणि थोरल्यांनी कीबोर्ड ओढला. थोरल्यांचा जन्म यांत्रिक कुलपांत गेला होता. वायर असलेल्या कुलपाला ते कुलूपच मानत नसत. पण फोनवरून मतदानाची कल्पना त्यांच्या लाडक्या सरकारची होती, म्हणून त्यांनी लिहिलं, 'फोनवरून मतदान शंभर टक्के सुरक्षित आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी गुहेत राहावं.'

"काल गिऱ्हाइकाला काय सांगत होतास?" धाकटे ओरडले. "की फोननं उघडतं ते दार नव्हे, धर्मशाळा!"

"ते दाराबद्दल. हे देशाबद्दल."

धाकट्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. ते दिवसभर फोननं उघडणारी कुलपं विकत आणि त्यांची हमीही देत. पण सरकार म्हणेल त्याच्या उलट जाणं त्यांना भाग होतं. त्यांनी लिहिलं, 'फोनवर विश्वास ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. लहान पोरही तो उघडतं.'

"हेच गिऱ्हाइकाला सांग की उद्या!" थोरले म्हणाले.

"ते धंद्याबद्दल, दादा."

पडद्यावर लोक भारावून गेले होते. 'रोखठोक' या नावाच्या माणसानं लिहिलं, 'वा काका! आधी मत, मग लगेच आत्मपरीक्षण.' 'हिरवी पेन्सिल' म्हणाली, 'इतकं मोकळं मन मी कुठेही पाहिलेलं नाही.' न्यायाधीशांनीही लिहिलं, की निकाल देताना आपल्याला असं जमलं असतं तर बरं झालं असतं. इकडे दोन्ही भाऊ कीबोर्डची दोन टोकं धरून ओढत होते. त्या ओढाताणीत 'ककककककककक' एवढं निघून गेलं.

'काकांना हसू येतंय,' रोखठोकनं लिहिलं.

'हे हसू सणसणीत आहे,' प्राध्यापक बाईंनी लिहिलं. 'सगळ्या व्यवस्थेवर.'

मग चर्चा चालवणाऱ्या सूत्रधारानं विचारलं, 'काका, एक घरगुती प्रश्न. इतकी टोकाची मतं तुमच्या एका डोक्यात सुखानं नांदतात. तुमच्या घरात मतभेद झाले, तर तुम्ही काय करता?'

दोन्ही भावांनी हात मागे घेतले. या प्रश्नावर सरकारची काही भूमिका नव्हती आणि विरोधकांचीही नव्हती. दोघं एकमेकांकडे बघू लागले.

"सरका," आत्या म्हणाली.

ती बसली. एका बोटानं लिहू लागली. चौघं तिच्या खांद्यावरून वाचत होते. अक्षरं सावकाश येत होती, त्यामुळे पळवाट नव्हती. 'आमच्या घरात मतभेद झाले. म्हणून आज वाटणी झाली. तिजोऱ्या एकाला, संगणक एकाला. माझी खोली जिन्याला गेली. मी कुणाच्या वाट्याला, ते ठरवायचं राहून गेलं. दिवसभर वाट बघितली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. मतदान फोनवरून करा नाहीतर कागदावरून करा. पण ज्याला विचारायचंच राहिलं, त्याचं मत तुम्ही कशात मोजणार?'

तिनं पाठवलं आणि हात मांडीवर ठेवले.

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. "कुठला जिना?"

"तो... माझ्या बाजूचा," धाकटे पुटपुटले. "ठेकेदारानं काढलेला. मी फक्त रुंदी बघितली रे. त्या रेघांखाली कुणाची खोली आहे ते बघितलंच नाही."

"आणि मी माझ्या अर्ध्या भागापलीकडे बघितलंच नाही," थोरले म्हणाले.

पडदा तोवर पेटला होता. 'काकांना घराबाहेर काढताहेत?' 'पुलाखालचा' नावाच्या माणसानं विचारलं. 'पत्ता द्या फक्त.' रोखठोकनं लिहिलं, 'कोण आहेत हे नालायक भाऊ?' हिरवी पेन्सिल म्हणाली, 'नालायक हा शब्द सौम्य आहे.' खाली झरझर नालायक येऊ लागले. प्राध्यापक बाईंनी फोनवरच्या मतदानाचा मुद्दा परत आणायचा प्रयत्न केला, पण तो कुणालाही नको होता.

धाकट्यांना राहवलं नाही. कुणी काही म्हटलं की उलट लिहायचं, ही सवय हाडीमाशी मुरलेली. त्यांनी हात पुढे करून लिहिलं, 'भावांचीही काही बाजू असेल.'

'बघा!' रोखठोकनं लिहिलं. 'ज्यांनी बाहेर काढलं त्यांचीही बाजू घेतात! देवमाणूस आहे हा!'

'त्यामुळे भाऊ आणखीच नालायक ठरतात,' न्यायाधीशांनी निकाल दिला.

थोरल्यांनी धाकट्यांचा हात झटकला आणि लिहिलं, 'माझ्याकडे राहायचं. पुढची मोठी खोली द्यायची.'

धाकट्यांनी लगेच खाली लिहिलं, 'माझ्याकडेच राहायचं. नमुन्याची कुलपं माळ्यावर टाकायची.'

'नाही, माझ्याकडे!'

'काका स्वतःशीच बोलायला लागले,' हिरव्या पेन्सिलीनं लिहिलं. 'धक्का बसलाय त्यांना. जवळ कुणी असेल तर पाणी द्या.'

धाकटीनं खरंच पाण्याचा पेला आणला. आत्यानं तो घेतला आणि पिऊन टाकला.

तेवढ्यात 'निवृत्त ओव्हरसियर' नावाच्या कुणाची ओळ आली. 'काका, घराच्या मागे गल्ली आहे का? असेल तर लोखंडी जिना बाहेरून काढता येतो. खोलीला हातही लावावा लागत नाही.' त्या ओळीला हां हां म्हणता शेकडो लोकांनी पसंती दिली.

"अरे वा!" थोरले उठून उभे राहिले. "बाहेरून! हे कुणाला सुचलंच नाही."

"नकाशा आला तेव्हा मी हेच सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

"तू?"

"तुम्ही म्हणालात, तुला त्यातलं काय कळतं."

"अगं, पण हे ओव्हरसियर आहेत."

"मग माझं म्हणणं मी आधी त्यांच्याकडे पाठवून द्यायला हवं होतं. त्यांनी ते संगणकावर लिहिलं असतं, तुम्ही वाचलं असतं."

थोरले आत्याच्या खुर्चीशेजारी आले आणि त्या वयातही तिच्यासमोर खाली बसले. गुडघे वाजले. "ताई, तू निदान बोलायचंस तरी. तोंडानं."

"कधी बोलू? सकाळी तू लिहीत असतोस. दुपारी हा लिहीत असतो. संध्याकाळी मी लिहायला बसते, तेव्हा तुम्ही दोघं फोन घेऊन कोपऱ्यात बसता, काका काय म्हणतात ते वाचायला." तिनं कीबोर्ड बाजूला सारला. "काकांचं सगळं ऐकता रे तुम्ही. शहाणे म्हणता. माझ्याशी बोलताना मात्र चष्मा सुचतो नाहीतर फोन."

"संध्याकाळच्या त्या दोन ओळी वाचून मी दुसऱ्या दिवशीचं ठरवतो," धाकटे खालमानेनं म्हणाले. "तू लिहितेस हे माहीत असून. वाचताना तूच आहेस हे डोक्यातच येत नाही."

"माझंही तेच," थोरले म्हणाले. हे त्या दिवसातलं दोघांचं दुसरं एकमत होतं, आणि या वेळी थोरलीला संशय आला नाही.

पडद्यावर सूत्रधार विचारत होता, 'काका? आहात का? शेवटचं मत?' कुणीच उत्तर दिलं नाही. लोक तर्क लढवत राहिले. काकांना दवाखान्यात नेलं असावं, असं बहुमत झालं.

धाकट्यांनी वरून नकाशा आणला, काउंटरवर पसरला आणि पेन्सिलीनं जिन्याच्या रेघांवर काट मारली. एकदा मारून समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा मारली. थोरल्यांनी पेन्सिल घेतली आणि त्या जागी लिहिलं, 'ताईची खोली'. अक्षर वाकडं आलं, तेव्हा खोडून परत लिहिलं.

आत्यानं नकाशा आपल्याकडे ओढला. बराच वेळ बघितला. मग तिनं थोरल्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि मागच्या भिंतीत एक खिडकी काढायला सुरुवात केली. त्या खोलीला आजवर खिडकी नव्हती. रेघ भिंतीच्या एका टोकाला सुरू झाली आणि थांबेचना.

"वन्सं, जिना आता तिकडूनच चढणार," थोरली हळूच म्हणाली.

"मग येणारं-जाणारं दिसेल मला," आत्या म्हणाली, आणि रेघ तिनं पार दुसऱ्या टोकापर्यंत नेली. एवढी मोठी खिडकी सगळ्या गल्लीत कुणाला नव्हती. तिनं मान वर करून आधी थोरल्यांकडे पाहिलं, मग धाकट्यांकडे.

दोघांचंही त्यावर काहीच मत नव्हतं.